एक जून

काल मोबाईलवर देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाने चौथा गोल खाल्ला, पुन्हा एकदा स्पर्धेबाहेर गेला, आणि मला खर्ड्याजवळच्या माझ्या शाळेतलं दाखलखारीज रजिस्टर आठवलं. ऊसतोडीहून परतलेली एक आई लेकीला घेऊन आली होती. दोघींच्या कपड्यांना अजून पाचटाचा वास होता. पोरीची जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "पाचाची आसंल." सहा पूर्ण नसतील तर पहिलीत घेता येईना, म्हणून मी नेहमीसारखं एक जून लिहिलं आणि वर्ष एकाने मागे ढकललं. तीच पोरगी पुढे गोलात भिंतीसारखी उभी राहू लागली. देशाच्या संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं, पण कागदावर ती काही महिन्यांनी मोठी निघाली. आई पुन्हा शाळेत आली. "तुमीच लिवलंय नव्हं, गुर्जी? मग तुमीच खोडा की." तारीख मी मनाने घातली एवढं लेखी दिलं असतं, तर कदाचित जमलं असतं, पण ते माझ्या नोकरीवर आलं असतं. "आता काही होत नाही, ताई," मी म्हणालो. पेन खिशालाच होतं. अजूनही दर एक जूनला पोरीचा फोन येतो, आणि मी तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.