कांचनताई अंगठा दाखवतात

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात ज्या घराच्या तळघरात मी भाड्याने राहतो, त्याच्या मालकीणबाई म्हणजे कांचनताई. वय एकोणपन्नास, माहेर भंडारा, नोकरी औषधांच्या कंपनीत. गोळ्या मुदतीआधी बिघडत नाहीत ना, हे तपासत बसायचं काम. बसायचं ते कंपनीच्या लेखी. प्रत्यक्षात ही बाई बसलेली मी फारशी पाहिलेली नाही. फोनवर बोलतानासुद्धा त्या स्वयंपाकघराच्या ओट्याला प्रदक्षिणा घालतात. या उन्हाळ्यात माझ्या डोक्यावरच्या प्रदक्षिणा इतक्या वाढल्या, की मी वर जाऊन विचारलं, "ताई, काही नवस बोललात का?"

"फ्लोरिडाला जायचंय," त्या म्हणाल्या. "गुहेत."

माझ्यासारख्या मेहकरच्या माणसाला गुहेत एकतर देव दिसतो, नाहीतर वटवाघूळ. ही गुहा पाण्याखालची निघाली. उत्तर फ्लोरिडात चुनखडीच्या जमिनीतून झरे वर येतात आणि त्यांच्या तोंडातून आत शिरलं की पाण्याने गच्च भरलेली भुयारं लागतात. पाठीवर हवेच्या टाक्या, हातात दिवा, आणि परतीची वाट सापडावी म्हणून भुयारात बांधलेली एक दोरी. मध्येच डोकं वर काढायची सोय नाही. ज्या तोंडाने आत गेलात त्याच तोंडाने बाहेर यायचं. कांचनताई पूर्वी सहा वर्षं हे करायच्या. अकरा वर्षांपूर्वी जीव जाता जाता वाचला आणि त्यांनी ते सोडलं. का सोडलं विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं: "गेज वाचायला चुकले." गेज म्हणजे टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा.

त्यांचे यजमान राजेशकाका शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मी कुठे अडवतोय? विम्याचे कागद कुठे ठेवलेत तेवढं सांगून जा." त्यांना सुट्टी नव्हती. मला होती. अशा रीतीने मी ड्रायव्हर झालो.

पहाटे निघालो. नॉर्थ कॅरोलिना संपेपर्यंत ताईंनी एसी अकरा वेळा कमीजास्त केला. साउथ कॅरोलिनात दोनदा गाडी थांबवून डिकीतलं सामान तपासलं, जणू मधल्या चाळीस मैलांत टाक्या उतरून चालत्या झाल्या असत्या. मी म्हटलं, "ताई, भीती वाटत असेल तर मागे फिरू. मी कुणाला सांगणार नाही."

"गुहेची भीती नाही रे," त्या म्हणाल्या. "संजयची आहे."

संजयदादा म्हणजे त्यांचे जुने डायव्हिंगचे जोडीदार. व्हर्जिनियात हर्नडनला असतात. ताई परत पाण्यात उतरणार म्हटल्यावर ते बारा तास ड्राइव्ह करून येणार होते. या माणसात भिण्यासारखं काय आहे, ते मला जॉर्जियात कळलं. मी रस्त्याकडे बघत होतो, ताई खिडकीबाहेर. अशा वेळी माणसं खरं बोलतात.

गुहेत हवेचे तीन भाग करतात. एक जायला, एक यायला, आणि तिसरा अडीअडचणीला, आपल्या किंवा सोबत्याच्या. पहिला भाग संपला की अंगठा वर करायचा. त्याचा अर्थ 'मस्त' असा नाही. अर्थ 'परत फिरा.' कुणीही, केव्हाही अंगठा दाखवावा. बाकीच्यांनी तसाच अंगठा दाखवून मुकाट फिरायचं. कारण विचारायचं नाही. पाण्यात नाही, बाहेर आल्यावरही नाही.

"त्या दिवशी गेज मी अगदी बरोबर वाचलं होतं," ताई म्हणाल्या. "पहिला भाग संपला होता. पण संजयचा एक मित्र मुद्दाम कॅलिफोर्नियाहून आला होता. पुढे एक मोठी खोली आहे, ती त्याला बघायची होती. पाचच मिनिटं लांब. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी फिरवू कशी? मी हात वर केलाच नाही."

खोलीच्या अलीकडेच तळाचा गाळ उठला, दिसेनासं झालं, दोरी धरून चाचपडत परत येण्यात वेळ गेला. शेवटचे दीडशे फूट ताई संजयदादांच्या टाकीतली हवा घेत बाहेर आल्या.

"म्हणजे भिडेपायी मरत होतात?" मी म्हटलं.

"हो. आणि ते सांगायचीही भीडच वाटली. म्हणून गेजवर ढकललं."

आता मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत या बाई सलग तिसऱ्यांदा का आहेत, दिवाळीला दोनशे माणसांच्या करंज्या एकट्याने का करतात. मी म्हटलं, "ताई, नाही म्हणायचाच सराव हवा होता तर मंडळाला म्हणायचं. दहा मिनिटांवर आहे. एवढं पेट्रोल कशाला?"

"तिथे हो म्हटल्याने कोणी मरत नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सुटत नाही. संजयला अंगठा दाखवता आला तर मी परत डायव्हर. नाही आला तर सगळं सामान विकून टाकीन." आणि पुन्हा एसी कमी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर पोचलो. निळं, काचेसारखं पाणी, काठाला सायप्रसची झाडं, एका ओंडक्यावर रांगेने कासवं. संजयदादा आधीच हजर होते. गोरेगोमटे, पन्नाशीचे, बोलघेवडे. "काका म्हणालास तर बुडवीन यार," असं मला सांगून त्यांनी भडंगाचा डबा उघडला. मग ताईंची ओळख त्यांच्याच समोर मला करून दिली. "ही आमची गेजवाली! हिला मी माझ्या तोंडातली हवा देऊन बाहेर काढली. आमच्याकडच्या प्रत्येक पार्टीत सांगतो. हिची उर्वी एवढीशी होती तेव्हा, नाही गं? आईविना झाली असती पोर."

ताई हसल्या. वाईट हसल्या.

"आज ती खोली गाठायचीच," संजयदादा म्हणाले. "अकरा वर्षं राहिलीय. बारा तास गाडी हाणलीय मी त्यासाठी."

तिसरे होते डेल. डायव्हिंग शिकवणारे, साठीचे, दाढीवाले, कमी बोलणारे. एवढ्या मोठ्या खंडानंतर ताई पाण्यात नीट वागतात का, हे ते पाहणार होते. तिघं पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. मी काठावर. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि तो डबा मेहकरलाच राहिला. तिघांची डोकी पाण्याखाली जाणार एवढ्यात ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. धीर द्यावा म्हणून मी काय करावं? दोन्ही अंगठे वर केले. घरच्या ग्रुपवर आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनलाही मी हेच पाठवलेलं आहे.

ताई जागच्या जागी थांबल्या. डेल थांबले. तिघंही मुकाट परत पायरीवर आली.

"अरे, मी ऑल द बेस्ट म्हणत होतो!" मी ओरडलो.

डेल हसले नाहीत. इंग्रजीत एवढंच म्हणाले, की इथे हा हात असाच वर करायचा नसतो, तेव्हा मी हात खिशात ठेवावेत. ठेवले. तिघं पुन्हा उतरली.

एका तासाचा बेत होता. दिव्यांचा उजेड आत गेला, मग नुसता निळेपणा राहिला. मी घड्याळ बघितलं, कासवं मोजली, पुन्हा घड्याळ बघितलं. तीन मिनिटं झाली होती. ताईंच्या प्रदक्षिणा आता मला लागल्या. पार्किंगपासून पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांपासून पार्किंगपर्यंत. हात अर्थात खिशात.

सव्विसाव्या मिनिटाला झऱ्याच्या तोंडाशी उजेड दिसला. तासाची माणसं अर्ध्यात परत येतात ती चांगल्या बातमीने येत नाहीत. मी मोजलं: एक, दोन, तीन. तिन्ही डोकी वर आली.

संजयदादांनी तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य मराठीत आलं. "का गं? काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या.

"गेज?"

"ठीक होतं. पहिला भागसुद्धा संपला नव्हता."

"मग मधेच अंगठा? खोली समोर होती, कांचन! पाच मिनिटांवर!"

"पुढे जावंसं वाटेना. म्हणून."

"म्हणून?" संजयदादांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी पंच आहे. "अगं, बारा तास..."

"माहितेय. बारा तास. तरी अंगठा." ताई पायरीवर बसल्या. होय, बसल्या. "आणि दुसरं. तेव्हाही मी गेज चुकले नव्हते. हवेचा पहिला भाग संपला होता, मला कळलं होतं, आणि तुझ्या पाहुण्याला परत फिरवायची भीड वाटली म्हणून मी गप्प राहिले. तू मला वाचवलंस हे खरं. पण गेजचं खोटं."

संजयदादा पाण्यात कमरेएवढे उभे. अकरा वर्षांच्या पार्ट्या त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक उतरत गेल्या. "म्हणजे माझ्यामुळे?" ते म्हणाले.

"तुझ्यामुळे नाही रे."

"मला एकदा सांगायचंस तरी."

"हो. सांगायचं होतं."

ते बाहेर आले, आपल्या व्हॅनचं मागचं दार उघडून त्यात पाठमोरे बसले. डेलनी मला विचारलं, काय चाललंय? मी 'भीड' शब्द समजावायला लागलो. सभ्यपणा? नाही. लाज? तीही नाही. समोरच्याचं तोंड बघून आपलं तोंड उघडत नाही, ते. डेलनी दाढी पिळली. मग म्हणाले, या गोष्टीने बुडालेली दोन माणसं मला माहीत आहेत. त्या गोष्टीला नाव आहे हे माहीत नव्हतं.

ताई व्हॅनकडे बघत होत्या. मला वाटलं, आता या उठणार, जाणार, 'जाऊ दे रे, माझंच चुकलं' म्हणणार, वर दिवाळीच्या करंज्या कबूल करून येणार. त्या उठल्या. दोन पावलं गेल्या. मग डेलकडे वळून विचारलं, "दुसरी डाइव्ह किती वाजता?"

"दोन," डेल म्हणाले. "दोघं की तिघं?"

"त्याला विचारा. माझं सांगून झालंय."

व्हॅनमधून, मान न वळवता, प्रश्न आला. "आणि परत मधेच फिरवलंस तर?"

"तर फिरायचं," ताई म्हणाल्या.

संजयदादा उतरले, आपल्या टाक्या उचलल्या आणि हवा भरायला घेऊन गेले.

दोन वाजता तिघं पुन्हा पाण्यात गेली. संजयदादा तोवर ताईंशी एक अक्षर बोलले नव्हते. उतरताना डेल म्हणाले, पाण्याखाली त्याने काही अडत नाही.