फणसाला घातलेली कोडी

घरातली पोरं रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसली की मी उठून भांडी आवरायला जाते. 'काकूला त्यातलं काही कळत नाही,' असं पोरं समजतात. समजू देत. कळतं, म्हणून तर उठते. पंधरा वर्षं होऊन गेली, राग काही जात नाही. आणि रागात डाळ निवडली की खडे राहतात, हे माझ्या आमटीवरून घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कडावला आमच्या सासरी तेव्हा इंग्रजी पेपर येई. दुधाच्या बरण्या कर्जत स्टेशनावर पोचवून परतणारा गडी तो आणी. आमचे हे मुंबईला नोकरीला. घरी सासूबाई आणि थोरले दीर, म्हणजे भावोजी. पेपरात दर आठवड्याला इंग्रजी शब्दांचं कोडं असे आणि बरोबर उत्तर धाडणाऱ्यांची नावं पुढच्या अंकात छापत. त्या यादीत आपलं नाव पाहायचं भावोजींना वेड लागलं. वेड त्यांचं, शब्द माझे.

मी पुण्याला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. पण कोड्यातलं इंग्रजी शाळेतल्यासारखं नव्हे. तिथे ऑस्ट्रेलियातला पळणारा पक्षी लागतो, तीन अक्षरी. होडीचं वल्हं लागतं, तेही तीन अक्षरी. साहेबाची दारू, पुन्हा तीन अक्षरी. मला इमू, ओर, एल सगळं येई. साहेबापुढे उभी केली असती तर प्यायला पाणी मागता आलं नसतं, दारू मात्र दोन तऱ्हांची मागितली असती.

हे शब्द मी जमवले ते महिन्यातल्या तीन दिवसांत. कावळा शिवला की मागच्या पडवीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही. बाकी बायका त्याला शिक्षा म्हणत; मला तेवढीच सुट्टी. माहेरची, पुठ्ठा गेलेली डिक्शनरी तिथेच कोनाड्यात ठेवलेली असे. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी गोधडीच्या लाल दोऱ्यानं शिवून मी वही केली. तीन अक्षरींचं पान वेगळं, चार अक्षरींचं वेगळं, त्यात पुन्हा पक्षी, नद्या, होडीचे भाग. सात अक्षरींपर्यंत पोचायला मला तीन वर्षं लागली. विटाळाची वही, म्हणून ती घरात यायची नाही.

भावोजी सोवळ्याचे कडक. शिवाय धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मग ते परसात येत, पडवीपासून दहा हात लांब उभे राहत आणि फणसाकडे तोंड करून विचारत, "नाईलच्या देशाची राजधानी, पाच अक्षरं!" मी खांबाकडे बघून उत्तर देई. भात कांडायला येणारी म्हातारी उखळाशी बसून हे बघे. एकदा म्हणाली, "वयनी, तुमच्या फनसाला विंग्रजी येतं व्हय गं? मंग फनस गोड का लागत नाय?" मी हसले. तेव्हा मला हसू यायचं, हा माझा गाढवपणा.

भावोजींचं नाव छापून आलं. एकदा, दोनदा, चारदा. मग कर्जतचे एक वकील मुद्दाम त्यांना भेटायला आले. त्या दिवशी मी पडवीतच होते. दुपारी डोळा लागला. उठून बघते तर कोनाड्यात वही नाही. तेवढ्यात म्हातारी ओसरी झाडून आली.

"वयनी, तुमचं ते लाल दोऱ्याचं बाड पावन्याच्या हातात हाय."

"काय म्हणताहेत?"

"भावजी सांगत्यात, तीन वरसं खपलो, तवा झालं. पावना म्हनतो, धन्य हाय बाबा तुमची!"

उठून ओसरीवर जावं, असं पायांना वाटलं. गेले नाही. बाहेर बसलेली बाई ओसरीवर गेली असती तर वही राहिली बाजूला, माझाच निकाल लागला असता. मी काय केलं? खांबाला चिमटे काढले. खांबाला!

पाहुण्यांना चहा द्यायला गेलेल्या सासूबाईंनी लाल दोरा ओळखला. वकील गेल्यावर त्यांचा आवाज परसापर्यंत आला, "ही घरात आणली कोणी?"

"मला काय ठाऊक ती विटाळाची!" भावोजी म्हणाले. "ओसरीवर पडली होती."

पडली होती! वहीला पाय फुटले होते जणू. दर महिन्याला दहा हात लांब उभा राहणारा माणूस, आणि त्याला ठाऊक नाही! मग त्यांनी स्वतःच ती न्हाणीच्या चुलीत घातली. माझ्या सात अक्षरी शब्दांवर पाणी तापलं आणि त्या पाण्यानं आंघोळ करून भावोजी शुद्ध झाले. लग्नपत्रिकांचा जाड कागद, छान पेटला म्हणे.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा पडवीत. कोनाडा रिकामा; डिक्शनरीही चुलीत जायला नको म्हणून मी ह्यांच्याबरोबर मुंबईला पाठवली होती. भावोजी आले. दहा हात मोजून उभे राहिले. कोड्यातला एवढा शेवटचा शब्द अडला होता.

"पाणथळीतला पक्षी," त्यांनी फणसाला विचारलं, "लांब, वाकडी चोच. चार अक्षरं."

मला शब्द येत होता, आयबिस. पुढ्यातल्या खाचरात तोच पक्षी चिखलात चोच खुपसत होता. मी खांबाकडे पाहिलं नाही. सरळ भावोजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आय डोन्ट नो."

एवढे इंग्रजी शब्द जमवले, पण इंग्रजीत बोललेलं माझं पहिलं आख्खं वाक्य ते. आणि धडधडीत खोटं. म्हातारीचं मुसळ वरच्या वर थांबलं. भावोजी फणसाकडे पाठ फिरवून घरात गेले. त्या आठवड्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नंतरही कधी आलं नाही.