बेंबी सरकली नव्हती

"शिरा सुजल्यात, आतड्याच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याचं कापून काढलेलं आतडं बायोप्सीला, म्हणजे भिंगाखाली तपासायला गेलं होतं. त्याचा रिपोर्ट त्यांच्या हातात. मी माझ्याच हातांकडे बघत होते. याच हातांनी मी यांचं पोट चार दिवस चोळलं होतं.

आमच्या गोव्यातल्या हळर्ण गावात कुणाची बेंबी सरकली की माझ्याकडे येतात. खोबरेल लावून, चोळून मी ती जाग्यावर बसवते. सासूने शिकवलेलं, त्याचा मला केवढा तोरा! तेव्हा खाणी चालू होत्या, हे डिचोलीला ट्रक चालवायचे. एका सोमवारी पोट धरूनच घरी आले. परक्याला मी दहा प्रश्न विचारले असते. घरच्या माणसाला काय विचारायचं? झोपवलं आणि चोळलं.

"तुझो हात लागलो की बरा वाटता गे," हे म्हणायचे. साफ खोटं! तिसऱ्या दिवशी परसाकडला रक्त पडलं, तेही लपवलं. चौथ्या दिवशी पोट फळीसारखं कडक लागलं. जरा दाबलं तर हे केवढ्याने ओरडले. तेलाची वाटी तशीच टाकून मी यांना पेडण्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सीटी स्कॅन, म्हणजे पोटाच्या आतले फोटो काढले. आतडं सुजलेलं, पण कशाने ते कळेना. दोन दिवस नुसतं सलाईन. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी दर वेळी दार उघडलं की उठायचे. मग सर्जन म्हणाले, "आता थांबता येणार नाही." पोट उघडलं तर हातभर आतडं काळं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रक्त आणणाऱ्या धमन्या चांगल्या होत्या, परत नेणाऱ्या शिरा सुजून बंद झाल्या. रक्त तुंबतं आणि आतडं मरतं. हे फार क्वचित होतं, का होतं ते नक्की माहीत नाही.

"माझ्या चोळण्याने झालं?" मी विचारलं.

"नाही. पण बाई, तुम्ही आणखी एक दिवस चोळत बसला असतात तर ते हाती लागले नसते."

हे वाचले, देवाची आणि त्या डॉक्टरांची कृपा. तुमच्या घरी कुणाचं पोट असं दुखलं, रक्त पडलं, तर माझ्यासारखीकडे नेऊ नका हो.

परवा फणस खाऊन यांचं पोट दुखलं. सवयीने आडवे झाले, शर्ट वर केला. टाक्यांनी बेंबी खरंच एका बाजूला ओढली गेली आहे. "चोळ गे," म्हणाले.

मी यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

"उठा. पेडण्याची बस इली."