गोस्से आणि निळी डोकी

नेदरलँड्सच्या उत्तरेला, आमच्या फ्रीसलँडमध्ये एखाद्याला ‘बरा आहे’ म्हटलं की स्तुतीची हद्द झाली. गोस्सेला मात्र आमच्या कृत्रिम रेतन केंद्रात सगळे ‘वळूंची आई’ म्हणायचे. सहा फुटांचा धिप्पाड गडी, पण थंडीत वळूला पाणी देण्याआधी स्वतःचं बोट बुडवून बघणार. त्यातही राइंडर्ट नावाच्या तरुण वळूवर त्याचा जीव. “माझा वाढदिवस विसरेल, त्याच्या खुरांचं तेल नाही विसरणार,” असं त्याची बायको आउक्ये चारचौघांत सांगते, तेही त्याच्यासमोर.

मी तिथे वळूंचं वीर्य तपासते. लग्नकार्यात कुणी नोकरीचं विचारलं तर ‘गाईगुरांच्या खात्यात’ म्हणून वेळ मारून नेते.

मार्चमध्ये राइंडर्टचा नमुना काचेखाली घेतला. शुक्राणू पोहत होते झकास. पण निळ्या रंगात बुडवले तर निम्म्याहून जास्त डोकी निळी. हे वाईट. शुक्राणू घडत असताना आतला डीएनएचा धागा आधी हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर सैलसर गुंडाळलेला असतो. पुढे ही रिळं निघतात, प्रोटामिन नावाची प्रथिनं येतात आणि तोच धागा वळकटीसारखा करकचून बांधतात. प्रवास लांबचा आणि डोकं इवलंसं, तिथे सैल सामान चालत नाही. आमचा रंग धरतो तो हिस्टोनला. म्हणजे राइंडर्टची बांधाबांध अर्धवट राहिली होती.

“सावत्र भावाचंही हेच झालं होतं याच्या,” आमच्या डॉक्टर फ्राउक्ये म्हणाल्या. “रक्तातच आहे. गुरुवारी गाडी बोलवा.” गाडी म्हणजे कत्तलखान्याची. तो शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही.

जाता जाता त्यांनी गोस्सेला विचारलं, “मागे ताप वगैरे आला होता का त्याला? कुठे उष्णता लागली?”

“फेब्रुवारीत कालवे गोठले होते, डॉक्टर,” एवढं बोलून तो निघून गेला. आमचा माणूस सहसा खोटं बोलत नाही, तोंड मिटतो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या कॉफीला बिस्किटांचा डबा फिरला. एकेक घ्यायचं आणि झाकण लावायचं, ही इथली रीत. गोस्सेने घेतलंच नाही.

“काय गोस्से, उपास धरलात?” शेजारी बसलेल्या विट्सेने डिवचलं.

“टोपी घातली होती,” गोस्से म्हणाला.

“कुणी?”

“मी. राइंडर्टला. गोठणाऱ्या थंडीत, रोज रात्री.”

“डोक्याला?”

गोस्सेने कपात बघितलं. “खाली.”

विट्सेची कॉफी नाकातून आली. मीही हसले, का हसू नये? गोस्से शांतपणे म्हणाला, “आमच्या आजोबांच्या वळूचं गारठून वाटोळं झालं होतं तिथे. म्हणून लोकरीची बांधली. अकरा शहरांची होती ती.”

हसणं तिथेच थांबलं. गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरं स्केटिंग करत पार करायच्या मानाच्या शर्यतीत डोक्यावर असलेली टोपी आमच्याकडे काचेच्या कपाटात ठेवतात.

डॉक्टर हसल्या नव्हत्याच. “ते लोंबतं कशासाठी, गोस्से? गार राहावं म्हणून ना? ऊब लागली की हिस्टोन जाऊन प्रोटामिन यायचं सगळं गणितच बिघडतं. जन्म गेला तुमचा वळू सांभाळण्यात.”

“हो.”

“मग काल का नाही बोललात?”

“बोललो की तुम्ही मला त्याच्यापासून तोडणार, हे कळत होतं.”

“तोडणारच. नवे शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, तोवर गाडी थांबवते. पण वळूला लपवून काही बांधणारा माणूस मला गोठ्यात नको. आजपासून चाऱ्याचं कोठार बघा, राइंडर्टला हात लावायचा नाही.”

“बरं,” गोस्से म्हणाला, आणि मग त्याने बिस्कीट मागितलं.

पुढचे दोन महिने त्याच्या खुंटीवर कुणी ना कुणी लोकरीचे मोजे लटकवायचं. आउक्ये तर म्हणाली, “मला थंडी वाजते तेव्हा हा खिडकी उघडतो.” त्याने सगळं ऐकून घेतलं. चारा मात्र राइंडर्टसाठी वेगळा निवडायचा, हे मला दिसत होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

मे महिन्यात पुन्हा नमुना आला. रंग दिला, धुतला, काच लावली. डोकी स्वच्छ, जवळजवळ सगळी. मी तशीच कोठाराकडे गेले.

“निळी नाहीत?” त्याने विचारलं.

“नाहीत. गाडी कायमची रद्द.”

त्याने हातातलं फावडं भिंतीला टेकवलं आणि बाहेर आला. अंगणात नवा माणूस राइंडर्टला फिरवत होता. गोस्सेला बघताच ते हजार किलोचं धूड दोरीसकट माणसाला ओढत कुंपणाशी आलं आणि मान पुढे काढून उभं राहिलं. गोस्से एक पाऊल मागे सरला. हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले. डॉक्टर तर त्या दिवशी केंद्रात नव्हत्याही.

“जा,” तो राइंडर्टला म्हणाला. “त्याच्याबरोबर जा. तो बरा आहे.”