चुंबकावर सरळ दिसलेली पट्टी

वीस वर्षं भवानी पेठेत टॉवेलच्या कडा शिवल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी मी ग्राइंडिंगच्या शेडमध्ये कामाला लागले. पहिल्या महिन्यातच येडी व्हायची वेळ आली, कारण हातात मायक्रोमीटर आला होता. जेवणाच्या सुट्टीत मी पापड मोजला, कढीपत्ता मोजला. नवऱ्याच्या मिशीचा केस माझ्या केसापेक्षा जाड भरला, तर तो दोन दिवस ऐटीत फिरत होता. भाकरी तेवढी मालकीणबाईंनी मोजू दिली नाही. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

माझ्याकडे काम होतं घासून झालेल्या लोखंडी पट्ट्या फडक्यानं पुसायचं आणि तेल लावायचं. मला हवं होतं ते मशीन. खाली लोहचुंबकाचं टेबल, लोखंड त्याला चिकटून बसतं, वरून दगडी चाक फिरतं आणि ठिणग्या उडतात. मी शेजारी उभी राहिले तरी उगाच हसू यायचं. शेवटी अक्का कंटाळल्या.

"टॉवेल कापायच्या मशीनच्या तीन पट्ट्या हायत," त्या म्हणाल्या. "एक सरळ करून दाव, मशीन तुजं. न्हाय जमलं तर फडकं हायच की."

पट्टी पातळ होती, कडक करायला तापवून पाणी देताना जराशी वाकलेली. चुंबक चालू केलं तशी ती टेबलावर सपाट बसली. घासली, उलटून घासली, चारी कोपरे मोजले. आकडा एकच. मी नाचायचीच बाकी होते. मग चुंबक बंद करून पट्टी सपाटी तपासायच्या काचेवर ठेवली, तर ती पाळण्यागत डुलायला लागली.

परत घासली. परत पाळणा. तिसऱ्यांदा न घासता मी नुसतं चुंबक चालू-बंद करत बसले. चालू केलं की सपाट, बंद केलं की वाकडी. पाहुणे असेपर्यंत गुणी राहणाऱ्या पोरासारखी. हसून हसून पोट दुखलं आणि त्यातच रडूही आलं. आणखी दोनदा घासली असती तर पट्टी मापाखाली गेली असती आणि मी फडक्याकडे.

मग एकदम लक्षात आलं. टॉवेलची कड ताणून शिवली की मशीनखाली सरळ दिसते आणि सोडली की गोळा होते. हे मला वीस वर्षं माहीत होतं! चुंबक पट्टीला ताणून धरत होतं आणि मी तिचा वाक तसाच ठेवून घासत होते.

म्हणजे ताणायचं नाही, वाकामुळं पट्टीखाली राहणारी फट भरायची. भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचा कागद अगदी पातळ. मी उद्याचा दिवस फाडला, परवाचाही फाडला, तुकडे करून फटीत सारले. मग हलक्या हातानं वरची बाजू घासली, कागद काढले, पट्टी उलटवली, दुसरी बाजू घासली. काचेवर ठेवली. हलली नाही. मी फुंकर मारली, तरी हलली नाही.

अक्कांनी एकेक कोपरा अंगठ्यानं दाबून पाहिला. कुठंच टकटक नाही. कॅलेंडरचं वरचं पान उचलून बघत त्यांनी विचारलं, "शुक्रवार कुटं गेला?"

"पट्टीखाली," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. उरलेल्या दोन पट्ट्या त्यांनी माझ्यापुढं सरकवल्या.

"ह्या मला दावू नगंस. झाल्या की सरळ गिऱ्हाइकाला देऊन टाक."