कांदा मॅडमचा क्लायंट

रेवती मॅडम फळ्यावर मधोमध एक टिंब द्यायच्या. टिंबाभोवती गोल, गोलाभोवती आणखी गोल, आणि सगळ्यात बाहेर तुटक रेघेचा एक. टिंब म्हणजे माणसाचा जीव, गोल म्हणजे त्याची तटबंदी. बाहेरून ताण येतात, तटावर आपटतात, एखादा आत घुसला की माणूस आजारी पडतो. नर्सनं त्या तटाची डागडुजी करून द्यायची. माणूस म्हणजे सुटे अवयव नव्हेत, ती एक अखंड व्यवस्था आहे, असं त्या इतक्या शुद्ध भाषेत सांगायच्या, की मागच्या बाकावरच्या पोरी वहीत गोल काढता काढता झोपून जायच्या. आणि शेतकऱ्यांच्या पोरींपुढं गोलात गोल काढल्यावर त्या दुसरं काय म्हणणार? मॅडमचं नाव पडलं, कांदा मॅडम.

मॅडम मूळच्या चिखलीच्याच. वडील सत्यनारायण सांगणारे भटजी, नवरा चिंतामण तहसीलीत कारकून. पण पुण्याला जाऊन शिकून आल्या, तेव्हा 'मले-तुले' तिथंच टाकून आल्याचं त्या सांगत. चिंतामणला ठाऊक होतं, ते सामान त्यांच्याच पिशवीच्या तळाशी आहे. राग आला की वर येतं.

नर्सिंगचं कॉलेज कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं. हवा फिरली की अजून सरकीचा वास यायचा. शेजारीच संस्थेचा दवाखाना. कॉलेजच्या वरच्या मजल्यावर एका खोलीला 'उपप्राचार्य' अशी पाटी होती, खाली नाव नव्हतं. दुसऱ्याच्या वाफ्याकडं बैलानं पाहावं तसं त्या पाटीकडं पाहिल्याशिवाय मॅडम जिना चढत नसत.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "विद्यापीठाची समिती येऊन राह्यली मॅडम. तुमची ती थिअरी लावून बरा केलेला एक पेशंट दाखवा."

"क्लायंट, सर."

"तेच ते. पण बरा झालेला पाहिजे. मग खुर्चीचं बोलू."

मॅडमनी वॉर्डात फिरून मोतीराम निवडला. साखरखेर्ड्याचा माणूस, वांगी-टमाटे लावायचा. पायात काटा मोडला, साखर वाढलेली, जखम चिघळली आणि पाय जातो की राहतो अशी वेळ आली. डॉक्टरांनी पाय वाचवला होता. आता उरलेला माणूस मॅडमच्या ताब्यात आला.

"बाबा, आपण दोघांनी मिळून उद्दिष्ट ठरवायचं आहे. तुम्ही माझे क्लायंट आहात."

"क्लायंट तं वकिलाचा राह्यते," मोतीराम म्हणाला. "मी कोणावर केस नाही टाकली."

"तसं नव्हे. तुम्हाला काय हवंय, ते मोकळेपणानं सांगा."

मोतीरामनं बायकोकडं, अन्नपूर्णाबाईकडं पाहिलं. तिनं पदर सावरला. "तुमी म्हनान ते," मोतीराम म्हणाला.

मॅडमनी लिहून टाकलं: क्लायंट स्वतः वॉर्डच्या दारापर्यंत चालेल व घरी जाईल. वाचून दाखवलं. मोतीरामनं मान हलवली. अशा मान हलवण्याला थिअरीत परस्परसंमती म्हणतात. साखरखेर्ड्यात तिला 'बाईचं मन कशाले मोडा' म्हणतात.

जखम भरत आली. साखर उतरली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, चाला आता. मोतीराम खाटेवरून उतरेना. समिती दोन दिवसांवर आलेली आणि हा गडी भिंतीला टेकून बसलेला.

"पाय दुखतो का?"

"नाई."

"चालायची भीती वाटते?"

"कायची भीती?"

"मग उठा ना."

"पाहू."

ह्या 'पाहू'नं ह्या मुलखात आजवर काय काय गाडलं गेलं आहे ते मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी मोतीरामच्या तटबंदीचे सगळे गोल पुन्हा तपासले. शरीर ठीक, मन ठीक, झोप ठीक, भूक तर नको तितकी ठीक. ताण कुठून घुसला, सापडेना.

सापडला पाण्याच्या नळावर. अन्नपूर्णाबाई डबा घासत होती. तीच म्हणाली, "पाय नाई हो मॅडम. व्याही पाहाले नाई आले."

प्रेमानंद, हिवरा आश्रम गावचा, मोतीरामच्या लेकीचा, प्राचीचा सासरा. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मोतीराम जीप भरून माणसं घेऊन गेला होता, मोसंबीची पिशवी वेगळी. आता मोतीराम खाटेवर पडला, तर सगळा गाव येऊन गेला, भाचेजावई आले, ज्याच्याशी बांधाचं भांडण तोही येऊन बसून गेला. व्याह्याचा पत्ता नाही.

"घरी गेल्यावर येतील की ते," मॅडम म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाईनं राखेचा हात थांबवला. "घरी आला तो चहाले आला, मॅडम. त्याले पाहनं म्हंतेत काय? गावात लोक इचारतीन, व्याही दवाखान्यात आलते काय. आमी काय सांगा? पोरीचा सासरा आला नाई म्हंजे पोरीची त्या घरात काय किंमत, हे साऱ्याईले समजलं ना."

मॅडमना थिअरीतला एक परिच्छेद आठवला. क्लायंटचं खरं उद्दिष्ट आधी जाणून घ्यावं, असा. तो त्या दर वर्षी शिकवत. हाताला लागला तो आत्ता.

त्यांनी दवाखान्याच्याच फोनवरून प्रेमानंदला फोन लावला.

"निरोप कोनं देल्ला मले?" प्रेमानंद तिकडून म्हणाला. "पोराचा बाप हाय मी. मले बजारात समजलं, व्याही दवाखान्यात हाय म्हून. बिनबोलावल्या जागी जाऊ काय?"

म्हणजे एक पाहायला येण्याची वाट पाहत होता, दुसरा निरोपाची. मॅडमनी आवाज मऊ केला. सहानुभूतीपूर्ण संवाद हा त्यांचा आवडता पाठ. "त्यांना तुमची फार आठवण येते. सारखं तुमचं नाव घेतात."



"नाव घेऊन राह्यले?"

"हो."

"येतो," प्रेमानंद म्हणाला. आवाज बसला होता. मॅडमना वाटलं, संवाद साधला.

पुण्यात त्यांनी 'मले-तुले'बरोबर आणखीही काही टाकलं होतं. दवाखान्यातून फोन येतो आणि पेशंट तुमचं नाव घेतोय असं सांगतात, ते ह्या भागात वाचणाऱ्या माणसाबद्दल कोणी सांगत नाही, शेवटच्या घटका मोजणाऱ्याबद्दलच सांगतात.

समिती आली. नव्या चादरी घातल्या होत्या, पोरींच्या टोप्यांना खळ होती. दोन साहेब, आणि चष्म्याच्या योगिनी मॅडम. रेवती मॅडम तक्त्यावरच्या गोलांवर काठी फिरवत होत्या. खाटेवर मोतीराम ज्वारीची भाकर खात बसला होता. मॅडम 'क्लायंट आणि त्याचं पर्यावरण' इथपर्यंत आल्या, आणि बाहेर जीप थांबली.

पर्यावरण आत आलं. पुढं प्राची, "बाबा वं, माह्या बाबा" करत. मागं खाली मान घातलेला प्रेमानंद, त्यामागं जीपभर भावकी. शेवटच्या माणसाच्या काखेत पांढऱ्या कापडाची घडी होती.

मोतीरामनं भाकर खाली ठेवली. व्याही दिसला, तसा तो खाटेवरून उतरला आणि काठी नाही, भिंत नाही, सगळा वॉर्ड ओलांडून दारापर्यंत चालत गेला. "या व्याहीबुवा. काऊन रडतं वं पोरी?"

उद्दिष्ट साध्य झालं होतं. एका पोरीनं टाळीसुद्धा वाजवली.

प्रेमानंदनं त्याला खालून वर पाहिलं. "तुमी तं धडधाकट चालून राह्यले," तो म्हणाला. फसवल्या गेलेल्या माणसाचा तो आवाज होता. हिवऱ्यापासून सगळी जीप रडत आलेली. कापडवाल्यानं घडी पाठीमागं लपवली.

मोतीराम चमकला. व्याही आजाऱ्याला पाहायला आला होता, आणि आजारी कोणी नव्हतं. भर भावकीत व्याह्याचं येणं वाया चाललं होतं. त्यानं मांडीवर हात दाबला, "माय वं" म्हणत लंगडत परत आला आणि खाटेवर आडवा झाला. "काई खरं नाई, व्याहीबुवा. तुमाले पाहून जरा हुशारी आलती."

प्रेमानंदच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तो स्टुलावर बसला, मोसंबीची पिशवी मोतीरामच्या पोटाशी ठेवली आणि पाय चेपू लागला. चांगला होता तो पाय, काटा मोडलेला दुसरा.

"बाबा, उठा," रेवती मॅडम म्हणाल्या. "आत्ताच चाललात ना तुम्ही?"

"कोन, मी?" मोतीरामनं डोळे मिटले.

"काऊन खोटं बोलून राह्यले हो? आत्ता तं चालले! साऱ्याईनं पाह्यलं!"

रेवती मॅडमची काठी तक्त्यावर आपटली. योगिनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही इकडच्याच का?" त्यांनी गोड विचारलं. दोघा साहेबांनी जेवण कुठं आहे ते विचारलं.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "बरा झालेला सांगतला होता, मॅडम. हा तं आल्यापेक्षा बिघडला."

"आणि खुर्चीचं, सर?"

"पाहू."

मोतीराम दुसऱ्या सकाळी आपल्या पायांनी घरी गेला. जाताना मॅडमना सांगून गेला, "तुमच्याकडं कोनी दुखलं-खुपलं तं निरोप धाडजा. मी येतो."

पावसाळा सरता सरता मॅडमनाच डेंग्यू झाला. त्याच वॉर्डात, त्याच रांगेत त्यांना खाट मिळाली. पोरी येऊन गेल्या. मोतीराम जीप घेऊन आला, वांग्याची पाटी घेऊन. प्रेमानंदलाही सोबत आणलं. चिखलीतली सगळी आळी येऊन गेली. ताप उतरला, पेशी वाढल्या. चिंतामण रिकामी पिशवी घेऊन आला. "डॉक्टर म्हणतात, न्या घरी. चल."

मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. "पाहू."

"अंगात ताकद नाही का?"

"आहे."

"मग?"

त्यांची नजर दाराकडं होती. "सर पाहाले नाही आले."

"अगं, त्यांचा फोन आला होता ना परवा."

"फोनवर पाहाणं होते काय?" मॅडमनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि पडल्या. थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, म्हणाल्या, "लावा त्याहिले फोन. सांगा, रेवती तुमचं नाव घेऊन राह्यली."