आवाज न करता पिसलेली पानं

सुरतेतल्या पांडेसऱ्यात आमची खोली ओळीत शेवटून दुसरी होती. ओळीतले बहुतेक पुरुष लूमच्या खात्यात नाहीतर रंगाच्या मिलमध्ये रातपाळी करायचे आणि दुपारी झोपायचे. खोली एकच, दार एकच. माणूस झोपला की बाईने भांडंसुद्धा वाजवायचं नाही. म्हणून जेवणं आटोपली की आम्ही बायका दार ओढून घेऊन ओट्यावर बसायचो आणि गोधडी अंथरून पत्ते खेळायचो. गोधडी मुद्दाम जाड घ्यायची. पान आपटलं तरी आवाज होत नसे.

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा नव्वद साल सरलं होतं. धुळ्याकडच्या खेड्यातून आलेली, कोणाशी बोलायची सवय नाही. नळावर बायका बोलायला लागल्या की मी कळशी अर्धीच भरून निघायचे. शेजारणीनेच एके दुपारी हाताला धरून मला ओट्यावर बसवलं. चौथी बाई कमी पडत होती आणि त्यांना गप्प बसणारी हवी होती. तिथे बोलावं लागत नाही, उलट बोललेलं चालत नाही, हे कळल्यावर मला ती जागा फार आवडली. दिवसभरात मी माणसांत असायचे ते तेवढाच वेळ.

खेळ मेंढीकोटचा. समोरासमोरच्या दोघी भिडू, आणि सगळी झटापट चार दश्श्यांसाठी, दहाच्या पानांसाठी. ज्या जोडीकडे दश्श्या जास्त, ती जिंकली. माझी भिडू शिरपूरकडची मावशी होती, आमच्यात सगळ्यांत मोठी आणि हरणं अजिबात न सोसणारी. माझ्या उजव्या हाताला शेजारीण, डाव्या हाताला नंदुरबारची वहिनी. त्या दोघी एकमेकींच्या भिडू.

पानं पिसायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुरुष पिसतात तसं फर्र करून पिसलं तर आत झोपलेला माणूस जागा होतो. माझे हात हलके. मी गठ्ठा अर्धा करायचे, वरचा भाग डावीकडे, खालचा उजवीकडे, आणि एक पान डावीकडचं, एक उजवीकडचं असं एकावर एक ठेवत जायचे. मग तसंच आणखी एकदा. पान पानाला घासल्याचाही आवाज नाही. मावशी म्हणायची, हिचं पिसणं बघत राहावं. ते ऐकून मी आणखी नीट पिसायचे, एकही पान इकडचं तिकडे होऊ द्यायचे नाही. पिसून झालं की उजवीकडून एकेक पान वाटायचं. गठ्ठा कापायची आमची पद्धत नव्हती. घरच्याच बायका, कशाला कापायचं?

असे काही आठवडे गेले. मग शेजारणीच्या हातात दश्श्या येऊ लागल्या. कधी तीन, बहुतेक वेळा चारही. वहिनीने हुकूम मारून हात ओढला की शेजारीण त्यावर अलगद दश्शी टाकायची. मी आणि मावशी रोज हरू लागलो.

मावशीने बरेच दिवस दम धरला. एकदा चारही दश्श्या पलीकडे गेल्या तेव्हा ती पुढे वाकली. आमची भांडणंही कुजबुजत व्हायची.

"तू कोनी भिडू शे वं?" ती म्हणाली. "माझी का तिची? पंगतीत ओळखीच्या माणसाला दोनदा वाढावं, तशी वाढतेस तिला."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. शेजारीण लाल झाली. मी गोधडीचा टाका उसवत बसले, आणि गप्प राहिलं की माणूस खरंच लबाड दिसतो. मावशीने पानं गोळा केली आणि उद्यापासून दुसरी कोणी पिसेल, नाहीतर दुसरी कोणी बसेल, असं सांगून उठली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. दाराआड बसून राहिले. बाहेर खेळ चालू आहे की नाही तेही कळेना, कारण आवाज करायचा नाही हाच तर आमचा नियम. संध्याकाळी शेजारीण पदराखाली पत्त्यांचा जोड घेऊन आली. आपल्यालाही टोमणे बसतायत, म्हणाली. मग हळूच विचारलं, "तू खरंच मला देतेस का? देत असलीस तर मला राग नाही, पण सांग."

तिलाही खरं ठाऊक नव्हतं, याचं मला हसू आलं आणि जरा धीरही आला. जोड मी ठेवून घेतला.

सकाळी आमचे हे रातपाळीवरून यायच्या आधी खाटेवर पानं मांडली. डाव संपला की आम्ही दश्श्या शेवटी मोजायचो आणि मोजून गठ्ठ्यावर ठेवायचो. तशाच ठेवल्या, आणि पानं उताणी करून रोजच्यासारखं पिसलं. एकदा पिसलं तर दोन दश्श्यांच्या मध्ये एक पान आलं. दुसऱ्यांदा पिसलं तर मध्ये तीन पानं. म्हणजे दर चौथं पान दश्शी. आणि आम्ही चौघी! दर चौथं पान एकीच्याच घरात जाणार. मी कापूनही पाहिलं. दश्श्या पांगल्या नाहीत, नुसतं घर बदललं. मी इतकं नीट पिसत होते की पानं मिसळतच नव्हती, दूर दूर बसून पुन्हा एका ठिकाणी भेटत होती.

आता हे सांगायचं कसं? मनात दहा वेळा वाक्य जुळवलं. दुपारी ओट्यावर गेले तेव्हा त्यातलं एकही आठवेना. मावशीने मान वळवली. मी गोधडीवर बसले, दश्श्या सगळ्यांना दिसतील अशा गठ्ठ्यावर ठेवल्या, नेहमीसारखं दोनदा पिसलं आणि गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, तुम्ही कापा."

तिने कापला. मी पानं वाटली. दश्श्या कोणाच्या वाट्याला जातील ते मलाही माहीत नव्हतं. मावशी पानं लावत होती. लावता लावता तिचे हात थांबले. तिने वहिनीकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने चार दश्श्या गोधडीवर टाकल्या.

"मावशी, तुम्हाला कोणी वाढलं?" वहिनी कुजबुजली.

मग आम्ही पदरात तोंडं खुपसून इतक्या हसलो की आतून कोणाचा तरी खाकरल्याचा आवाज आला आणि सगळ्या गप्प झालो. मी पानं उताणी करून पुन्हा पिसून दाखवलं. बोलावं लागलं नाही, बोटाने दाखवलं तरी पुरलं. मावशीने दर चौथं पान मोजत दोनदा खात्री केली. चुकलं, असं ती म्हणाली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. तिने सगळी पानं पालथी पसरली आणि बाजरीच्या पिठात पाणी कालवावं तशी दोन्ही हातांनी फिरवली.

"आजपासून असं," ती म्हणाली. "आणि हे पण तूच कर. माझे हात जड आहेत."

मी कालवलं, गोळा केलं, वाटलं. पानं उचलली तर माझ्याच हातात दोन दश्श्या. कुठून आल्या हे या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं. मी मान खाली घातली.

समोरून मावशी कुजबुजली, "भिडू, हसू नको. त्यांना कळतंय."